घरकुल मंजूर झाले: जोते किती घालायचे आणि कोणते कागद आधी करायचे?

प्रश्न थोडक्यात असा. परभणी जिल्ह्यातल्या एका गावात आईच्या नावावर प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मधून घरकुल मंजूर झाले आहे. पहिला हप्ता खात्यात आला आहे. जागा गावठाणातली, पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ उताऱ्यावर वडील आणि दोन चुलते अशी तिघांची नावे एकत्र आहेत. जुने मातीचे घर पाडून तिथेच बांधायचे आहे, जमीन काळी. मिस्त्री म्हणतो, सारखे काम निघायला नको, एकदाच सहाशे फुटांचे जोते घालून टाका. घालावे का?

घालू नका. आणि त्याही आधी, चुलत्यांचा कागद हातात आल्याशिवाय कुदळ मारू नका. घरकुले अर्धवट राहतात ती बहुतेक या दोन ठिकाणी: जागेच्या कागदावर, नाहीतर जोत्याच्या मापावर. तुमच्याकडे सध्या दोन्ही प्रश्न एकदम उभे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पैशांचा हिशेब मांडू, कारण जोत्याचे माप त्यावरच ठरते. सपाट भागात केंद्र आणि राज्य मिळून १,२०,००० रुपये मिळतात. त्यात ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असतो. डोंगराळ, दुर्गम भागाला आणि एकात्मिक कृती आराखड्यातल्या जिल्ह्यांना १,३०,००० मिळतात. परभणीला १,२०,०००च धरा. महाराष्ट्रात ही रक्कम चार हप्त्यांत येते: मंजुरीनंतर १५,०००, जोते झाल्यावर ७०,०००, लिंटेलपर्यंत (दार-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत) काम आल्यावर ३०,००० आणि घर पूर्ण झाल्यावर ५,०००. याखेरीज रोजगार हमीतून ९० दिवसांची अकुशल मजुरी मिळते. २०२५-२६ चा महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, म्हणजे २८,०८० रुपये. शौचालयाचे १२,००० स्वच्छ भारत मिशनमधून मिळतात, पण कुटुंबाने ते आधी घेतलेले नसतील तरच. याच योजनेच्या टप्पा २ मधल्या घरकुलांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये ५०,००० रुपये वाढवून दिले. त्यातले ३५,००० बांधकामाला आहेत आणि १५,००० छतावर सौर पॅनेल बसवले तर. पॅनेलचे सोडले तर सगळे मिळून १,९५,०८० रुपये होतात.

हा आकडा पाहून माणूस म्हणतो, दोन लाख आहेत, थोडे आपले घालू, मोठेच घर बांधू. पण हे पैसे एकदम येत नाहीत, आणि सगळे एकाच खात्यातही येत नाहीत. मजुरी जॉबकार्डावर नाव असलेल्या आणि मस्टरवर (हजेरीपटावर) हजेरी लागलेल्या माणसाच्या खात्यात जाते. शौचालयाची रक्कम वेगळ्या योजनेची, ती बांधून फोटो झाल्यावर येते. राज्याची वाढीव रक्कम कधी पडेल हे पंचायत समितीत विचारून घ्या आणि तोपर्यंत ती हिशेबात धरू नका. जोत्यापर्यंत हातात असतात ते फक्त १५,०००. तेवढ्यात कुठलेच जोते पूर्ण होत नाही, छोटेही नाही. म्हणजे दुसरा हप्ता मिळवण्यासाठी आधी स्वतःच्या खिशातून घालावे लागते. जोते जितके मोठे, तितका हा खड्डा खोल.

योजनेची अट किमान २५ चौरस मीटरची आहे, म्हणजे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून. त्याहून मोठे बांधायला बंदी नाही, मात्र वाढीव फुटांचा एक रुपयाही मिळत नाही. सर्वांत सोपे माप सांगतो. आतून १२ बाय १२ ची एक खोली आणि तिला लागून साडेदहा बाय १२ ची दुसरी. दुसरीत चार इंची भिंत घालून स्वयंपाकघर वेगळे काढा. आतले क्षेत्र २७० फूट होते. ९ इंची भिंती धरून बाहेरून २४ फूट ९ इंच बाय १३ फूट ६ इंच, म्हणजे ३३४ फूट. चार इंची आडभिंत सोडून भिंतींची एकूण लांबी साधारण ८५ फूट. ६०० फुटांचे, समजा २५ बाय २४ चे जोते घातले, तर आतल्या भिंती धरून ही लांबी १४५ फुटांच्या आसपास जाते. पाया सरासरी दोन फूट रुंद आणि चार फूट खोल धरला, तर लहान घराला सात ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आत दगडकाम लागते, मोठ्याला साडेअकराच्या वर. पाच इंची स्लॅबला लहान घरात ३२ पोती सिमेंट आणि ३०० किलोच्या थोडी वर सळई, मोठ्यात ५६-५७ पोती आणि साडेपाचशे किलोच्या वर. हा फरक कोणत्याच हप्त्यातून भरून येत नाही.

मग होते असे: जोते होते, हप्त्यासाठी कामाचा फोटो होतो, ७०,००० येतात, त्यातले अर्धे दगड-सिमेंटवाल्याच्या उधारीत जातात. भिंती कमरेपर्यंत येतात आणि काम थांबते. लिंटेल नाही म्हणून तिसरा हप्ता नाही. मंजुरीपासून बारा महिन्यांत घर पूर्ण व्हावे अशी अपेक्षा आहे. ती मुदत गेली की नोटिसा सुरू होतात. तोवर जुने घर पाडलेले असते आणि माणसे पत्र्याच्या आडोशाला पावसाळा काढतात. तुमच्या आईवर ही वेळ येऊ नये म्हणूनच २६९ फुटांवर थांबा असे म्हणतो.

पुढे घर वाढवायचे आहे ना? त्याची सोय आताच करता येते आणि तिला फारसा खर्च येत नाही. ज्या बाजूला खोली वाढवणार त्या भिंतीत दाराएवढी मोकळीक ठेवा, तिच्यावर लिंटेल घाला आणि ती विटांनी तात्पुरती बुजवा. पण काळ्या जमिनीत एक काळजी घ्या: नवी खोली जुन्या भिंतीला दाते काढून जोडू नका. जुना पाया बसलेला असतो, नवा बसायचा असतो, त्यामुळे जोडावर हमखास उभी चीर जाते. नव्या खोलीची भिंत स्वतंत्र उभारा आणि दोन्हींमध्ये अर्धा-एक इंचाची फट ठेवा. मिस्त्री म्हणतो तसे आजच मोठे जोते घालून अर्धे मोकळे ठेवले, तर उघड्या भागात पाणी मुरते आणि तेच पाणी राहत्या खोल्यांच्या पायाखाली जाते.

आता जागेचा कागद. नमुना ८ चा उतारा ही ग्रामपंचायतीची करआकारणीची नोंद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. तरीही घरकुलाच्या कामात तोच आधी मागतात. त्यावर तीन नावे असताना एकट्या आईच्या नावावर बांधकाम उभे राहिले, की चुलत्यांपैकी कोणाच्या तरी मनात शंका येते. आज येणार नाही, जोते वर आल्यावर येईल, कारण तेव्हा कोपरा कोणाचा हे डोळ्यांना दिसते. ग्रामपंचायतीकडे तक्रारअर्ज गेला की फोटो थांबतो, फोटो थांबला की हप्ता थांबतो.

यावर पक्का उपाय म्हणजे तिघांनी आपसांत वाटप करून नमुना ८ वर वेगवेगळी नोंद लावून घेणे. स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी गावात झाली असेल, तर मिळकत पत्रिका कोणाच्या नावाने निघाली आहे तेही पाहा. वाटपाला वेळ लागणार असेल, तर निदान दोन्ही चुलत्यांचे लेखी संमतीपत्र घ्या. त्यात 'हरकत नाही' एवढेच लिहून भागत नाही. जागेची लांबी-रुंदी फुटांत, चारही बाजूंच्या चतुःसीमा, घर कोणाच्या नावावर होणार हे, आणि उरलेल्या जागेवर कोणाचा हक्क राहतो हे, सगळे लिहा. दोन साक्षीदार घ्या. किती किमतीचा मुद्रांक लागतो ते पंचायत समितीत आधी विचारा, म्हणजे दुसऱ्यांदा करावे लागणार नाही. सह्या करताना घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि जागेवर चुन्याने आखणी करून दाखवा. कागद आणि चुना दोन्ही एकाच दिवशी झाले की नंतर वाद निघायला जागा कमी उरते.

आखणीबाबत आणखी एक. मंजुरीच्या वेळी जुन्या घराचा आणि नियोजित जागेचा जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो निघालेला असतो. बांधकाम त्याच जागी व्हावे लागते. चुलत्यांशी बोलता बोलता 'तिकडच्या कोपऱ्यात बांधा' असे ठरले आणि जागा हलली, तर आधी ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याला सांगून नोंद बदलून घ्या. जोते झाल्यावर सांगितले तर ते काम फार किचकट होते.

आता बँक. पहिला हप्ता आला म्हणजे खाते चालू आहे, ही चांगली गोष्ट. तरी पासबुक घेऊन आईंसोबत बँकेत जा आणि दोन गोष्टी विचारा. एक, खात्याची केवायसी पूर्ण आहे का? जनधनची काही खाती 'छोटे खाते' म्हणून उघडलेली असतात, त्यांतून महिन्याला १०,००० पेक्षा जास्त काढता येत नाहीत. ७०,००० खात्यात पडलेत आणि सिमेंटला देता येत नाहीत, असा प्रकार यामुळे होतो. दोन, आधार शेवटचे कोणत्या बँकेच्या खात्याला जोडले गेले? दोन खाती असतील तर आधारावरचे पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, आणि माणूस पहिल्या बँकेत चकरा मारत राहतो. त्या बँकेत वडिलांसोबत काढलेले थकीत पीककर्ज असेल, तर खात्यावर होल्ड नाही ना, हेही विचारून घ्या.

कामाला सुरुवात दिवाळीनंतर करा. पावसाने फुगलेली काळी माती तोवर वाळायला लागलेली असते, विहिरी-बोअरला पाणी असते आणि मजूरही मिळतात. स्लॅब फेब्रुवारीच्या आत पडला पाहिजे. स्लॅबवर आळी करून दोन इंच पाणी ठेवायचे तर ३३४ फुटांना एका भरणीत जवळजवळ १,६०० लिटर लागते, आणि उन्हात ते रोज आटते. हे निदान दहा दिवस, जमल्यास चौदा दिवस चालले पाहिजे. परभणीकडे एप्रिल-मेमध्ये टँकरच्या पाण्यावर हे होत नाही. मग स्लॅब गळतो आणि दोष सिमेंटवर जातो.

काळ्या मातीत पाया हेच खरे घर. वरवर दोन फूट खणून पाया भरला, तर पहिल्याच उन्हाळ्यात भिंती चिरतात, कारण ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. मुरूम लागेपर्यंत खणा. चार-पाच फुटांवरही मुरूम लागला नाही, तर मिस्त्रीच्या अंदाजावर न जाता अभियंत्याला बोलवा. तिथे दगडी पायाऐवजी खांब आणि जोत्याची बीम परवडते. खणलेली काळी माती जोत्यात परत भरू नका, या कामातली ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. ती फुकट असते म्हणून भरली जाते आणि नंतर फरशी उचलते. जोत्यात मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून. दोन फूट उंच जोत्याला पाच-साडेपाच ब्रास मुरूम लागतो.

जोत्यावर भिंतीच्या रुंदीची, सहा इंच उंचीची काँक्रीटची पट्टी सगळीकडे सलग फिरवा. तिच्यात १० एमएमच्या चार सळया आणि सहा इंचांवर रिंगा घाला. तशीच सलग पट्टी लिंटेलच्या पातळीला फिरवा. फक्त दार-खिडकीवर तुकडे टाकू नका. मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसला आहे. तेव्हा कोसळली ती मुख्यतः मातीत बांधलेली, कुठेही बांध नसलेली जाड दगडी घरे. पट्टीला लागणारे सिमेंट-सळई फार नाही, आणि काळ्या मातीच्या हालचालीतही तीच भिंत एकसंध ठेवते.

जोत्याभोवती तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला फरशीचा किंवा काँक्रीटचा पट्टा करा. न्हाणीचे पाणी भिंतीपासून लांब न्या. शौचालयाचा शोषखड्डा भिंतीला लागून घेऊ नका.

वरच्या कामाला साधारण साडेसहा ते सात हजार विटा लागतील. वाळूचा एकूण खर्च, दगडकाम, विटकाम, गिलावा आणि स्लॅब धरून, चार ते पाच ब्रास. राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणानुसार घरकुल लाभार्थ्याला पाच ब्रासपर्यंत वाळू स्वामित्वधन न घेता मिळते, वाहतूक मात्र आपल्या खर्चाने. पंचायत समितीकडून तहसीलला गेलेल्या यादीत आईंचे नाव आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. वाळू वाहतुकीचा पास आला की त्यातली तारीख आणि वेळ पाहूनच गाडी लावा. मुदत संपलेल्या पासावर गाडी पकडली गेली, तर दंड गाडीवाला तुमच्याकडेच मागतो.

छताला स्लॅबच हवा अशी अट नाही. घर नेहमीच्या वापरात आणि हवामानात किमान तीस वर्षे टिकावे, ही अपेक्षा आहे. पैसे खरोखरच कमी पडत असतील, तर लोखंडी कैचीवर चांगल्या जाडीचा पत्रा किंवा कौल घालून घर पूर्ण करणे हे अर्ध्या स्लॅबवर अडकण्यापेक्षा केव्हाही बरे. मात्र तसे करणार हे अभियंत्याला आधी सांगा.

मजुरीचे २८,००० अनेक घरांत वाया जातात, मस्टर वेळेवर न निघाल्यामुळे. घरातल्या काम करणाऱ्या सगळ्यांची नावे जॉबकार्डावर आहेत का, आणि ते जॉबकार्ड घरकुलाच्या नोंदीला जोडले आहे का, हे ग्रामरोजगार सेवकाकडून पाहून घ्या. पाया खणायच्या आधी कामाची मागणी लेखी द्या आणि तिची पोच घ्या. मस्टर निघण्याआधी केलेल्या कामाचे दिवस मागाहून भरून मिळत नाहीत. ही मजुरी अकुशल कामाची आहे, मिस्त्रीचे पैसे त्यातून धरू नका.

जोत्याआधीचा जो खड्डा सांगितला, तो भरायला व्याजी सावकाराकडे जाऊ नका. आई बचत गटात असतील तर गटातून अंतर्गत कर्ज मागा. योजनेत ७०,००० रुपयांपर्यंत बँककर्जाची तरतूद आहे, ते घेणे बंधनकारक नाही. दुकानदाराशी बोलताना दुसऱ्या हप्त्याची तारीख सांगू नका. 'जोत्याचा फोटो झाल्यावर' एवढेच सांगा, कारण फोटो, पंचायत समितीची मंजुरी, निधी वर्ग करण्याचा आदेश आणि मग बँक अशी साखळी आहे. त्यात कुठेही चार दिवस जाऊ शकतात.

काम ठेकेदाराला देऊ नका. योजनेनुसार घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते. मिस्त्री लावा, त्याच्याशी मजुरीचा दर लेखी ठरवा, पण माल स्वतः आणा. सही केलेली पैसे काढण्याची स्लिप किंवा पासबुक कोणाच्याही हाती देऊ नका, मग तो गावातला कितीही ओळखीचा असो. फोटोला, यादीला, हप्त्याला कुठेही फी नाही. कोणी मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

तुमच्यासारखाच प्रश्न असलेले, पण अजून यादीत नसलेले वाचकही असतील. नव्या सर्वेक्षणात अपात्रतेचे निकष तेरावरून दहावर आणले आहेत. दुचाकी किंवा फ्रीज आहे म्हणून आता नाव जात नाही. घरात कोणाचे मासिक उत्पन्न १५,००० च्या वर असेल, तीन-चारचाकी असेल, किंवा अडीच एकर बागायत वा पाच एकर कोरडवाहू अथवा त्याहून जास्त जमीन असेल, तर जाते. स्वतःची जागा नसलेल्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी एक लाखापर्यंत मदत मिळते. शेतातली जागा घ्यायची तर तुकडेबंदी (शेतजमिनीचे लहान तुकडे करण्यावरची बंदी) आडवी येते, पण घरकुलासाठी एक हजार चौरस फुटांपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मागता येते. अनुसूचित जातींसाठी रमाई, जमातींसाठी शबरी, इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास या राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. कातकरी, कोलाम, माडिया गोंड कुटुंबांना पीएम-जनमनमधून दोन लाख मिळतात.

शेवटचा ५,००० चा हप्ता लहान दिसतो म्हणून लोक सोडून देतात. तो सोडू नका. दारे-खिडक्या बसल्या, गिलावा झाला, नावाची पाटी लागली की पूर्णत्वाचा फोटो मागून घ्या. तो झाला नाही तर घर संगणकावर अपूर्णच राहते. मग त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत अर्ज देऊन नव्या घराची नोंद नमुना ८ वर आईच्या नावाने करून घ्या, चुलत्यांचे संमतीपत्र सोबत जोडून.